वाचकांचे प्रश्न : बत्तीस बोअरच्या देशी पिस्तुलाविषयी

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी माझ्याकडच्या बत्तीस बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) देशी पिस्तुलाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत काहींनी ‘स्वस्तातले हे पिस्तूल खरेच कामाचे असते का’ असे सरळ विचारले आहे, तर काहींचे प्रश्न परवान्यापासून गंजापर्यंत सगळीकडे पसरलेले आहेत. मी शस्त्रविक्रेता नाही आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेलाही नाही. सोलापुरात सुताचा व्यापार आणि मोहोळ तालुक्यात थोडी शेती असा माझा पसारा आहे; दर आठवड्याला मजुरीची रोकड घेऊन जावे लागत असे, म्हणून अर्ज केला आणि परवाना मिळाला, त्याला आता अकरा वर्षे झाली. एवढ्या काळात हे पिस्तूल कोणावर रोखण्याची वेळ आली नाही, त्यामुळे माझा अनुभव रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, झाडलेल्या गोळ्यांचा, साफसफाईचा आणि कागदपत्रांचा आहे, मर्दुमकीचा नाही. बनवणाऱ्याचे नाव मी देणार नाही, कारण खाली काही दोषही सांगायचे आहेत आणि एका नगावरून कारखान्याची परीक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : माझे बार्शीत सराफी दुकान आहे. परवाना मंजूर झाला आहे. चित्रपटांत आणि बातम्यांत नऊ एमएमचेच नाव ऐकतो, पण दुकानदार बत्तीस बोअरच दाखवतो. परवडणारे म्हणून जे देशी पिस्तूल मिळते, त्यात त्या पैशांचा मोबदला मिळतो का?

दुकानदार आपल्याला फसवत नाही. नऊ एमएम हा आपल्या कायद्याने निषिद्ध बोअर आहे. तो लष्कर आणि पोलीस यांच्यासाठी राखलेला असून सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही. त्यामुळे ज्याला खिशात किंवा कमरेला मावेल असे शस्त्र हवे, त्याच्यापुढे मुख्यतः बत्तीस बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर (ज्यात काडतुसे फिरत्या चक्रीत बसतात) एवढाच पर्याय उरतो. सर्वसामान्यांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. तेव्हापासून देशात आधीच आलेली जुनी जर्मन, बेल्जियन किंवा इंग्लिश पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती कित्येक लाखांवर गेल्या. त्या किमतीत शस्त्राच्या गुणापेक्षा दुर्मिळतेचाच वाटा मोठा आहे. त्यांच्या शेजारी ठेवले म्हणजे देशी पिस्तूल ‘परवडणारे’ ठरते. मी घेतले तेव्हा कर धरून लाखाच्या आतबाहेर पैसे मोजले होते. स्वस्त या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यावा.

आता मोबदल्याविषयी. बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचे काडतूस १८९९ सालचे आहे आणि ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रकाराने बेतलेले आहे. गोळीचे वजन साधारण साडेचार ग्रॅम आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास असतो. नऊ एमएमची गोळी जवळजवळ पावणेदोन पट जड आणि वेगही अधिक, म्हणून दोन्हींची बरोबरी करू नये. परंतु दुकानाच्या गल्ल्यापासून दारापर्यंतच्या अंतराला हे काडतूस अपुरे आहे असे मला वाटत नाही. अपुरी असते ती बहुधा मालकाची तयारी.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर माझी थोडी निराशाच झाली होती. निळसर काळा मुलामा काही ठिकाणी फिका होता, स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आतल्या कडा इतक्या धारदार होत्या की पहिल्याच साफसफाईत अंगठा कापला, आणि माशी म्हणजे नेम धरण्याची खूण एवढी लहान आणि काळीच असल्याने काळ्या निशाणावर ती दिसेनाशी होत असे. मी माशीवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला, तेव्हापासून ती तक्रार मिटली. चाप जड आहे आणि तो कोणत्या क्षणी सुटणार हे सुरुवातीला कळत नाही. मात्र पोलाद चांगले आहे. अकरा वर्षांत एकही भाग तुटला नाही, फक्त मुख्य स्प्रिंग एकदा बदलली. दहा मीटरवर, घाई न करता झाडलेल्या गोळ्या मी आता तळहाताएवढ्या जागेत बसवतो, आणि पंचवीस मीटरवर त्याच गोळ्या ताटभर पसरतात, त्यात पिस्तुलाचा दोष किती आणि माझ्या चष्म्याचा किती हे सांगणे कठीण आहे. थोडक्यात, हे पिस्तूल दागिना म्हणून घ्याल तर पस्तावाल. सराफाला हे सांगावे लागू नये, पण आपल्या पत्रात ‘दिसायला कसे आहे’ असेही विचारले आहे, म्हणून सांगितले.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो असून मंगळवेढ्यात राहतो. पुतण्याने बत्तीस बोअरचे नवे देशी पिस्तूल घेतले. पहिल्या पन्नास राऊंडांत ते पाच वेळा अडकले. नोकरीत वापरलेली हत्यारे चिखलातही चालत असत. हे पिस्तूलच टाकाऊ आहे का?

टाकाऊ म्हणण्याआधी ते कोणत्या प्रकारे अडकते ते पाहावे, कारण दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे औषध वेगळे आहे. झाडल्यावर रिकामी पुंगळी (काडतुसाचे उरलेले कवच) बाहेर न पडता स्लाइडच्या तोंडात उभी राहत असेल, तर बहुधा पकड ढिली असते किंवा कारखान्यातून आलेले जाड ग्रीस आत तसेच असते. माझ्या पिस्तुलातले ते ग्रीस इतके घट्ट होते की रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी पुसायला एक दुपार गेली, आणि त्यानंतर निम्मे अडथळे आपोआप गेले. मनगट सैल असले तर स्लाइड पुरती मागे जात नाही. हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, पण पुतण्याला सांगावे लागेल.

दुसरा प्रकार अधिक चिवट आहे. या काडतुसाच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित बाहेर आलेली असते; नऊ एमएमच्या काडतुसाला अशी बाहेरची कड नसते. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर पुढे सरकताना दोन्ही एकमेकांत अडकतात आणि कितीही ठोकले तरी सुटत नाहीत. उपाय सोपा आहे, पण सवय लागावी लागते. प्रत्येक काडतूस आत ढकलताना ते आधीच्या कडेच्या पुढे बसले आहे याची बोटाने खात्री करावी आणि भरलेले मॅगझिन खिशात खुळखुळत ठेवू नये. माझ्या दोन मॅगझिनांपैकी एकाच्या ओठाला बारीक कणी होती. तेच मॅगझिन नेहमी दगा देत असे, हे मला कळायला मात्र दोन वर्षे लागली, कारण दोन्ही दिसायला सारखीच होती. शेवटी एकावर नखपॉलिशने लाल रेघ ओढली, चार वेळा रेंजवर नोंद ठेवली आणि चोर सापडला. पुतण्यालाही मॅगझिनांवर खुणा करायला सांगा. दोनशेएक राऊंड झाल्यावरही ते अडकत राहिले, तर विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे पाठवावे. स्थानिक कारागिराकडून कानस मारून घेऊ नये, त्याने शस्त्र बिघडते आणि कायद्यापुढे आपणही अडचणीत येतो.

प्रश्न : मी सोलापुरात सात रस्त्याजवळ दवाखाना चालवते. वय ५४. रात्री उशिरा एकटी घरी परतते, म्हणून परवान्यासाठी अर्ज केला आहे. एका परिचितांचे देशी पिस्तूल त्यांच्या देखरेखीखाली रिकामे असताना हाताळून पाहिले, तर स्लाइड मागे ओढताच येईना. माझ्यासाठी हे योग्य आहे का? आणि घरात नातवंडे आहेत.

डॉक्टरताई, आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्लाइड जड असण्याचे कारण रचनेत आहे. कुकरच्या झाकणाला खटका असतो, पण त्यावरची शिट्टी नुसत्या वजनावर बसलेली असते. मोठ्या ताकदीच्या पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड खटक्याने एकमेकींत अडकलेल्या असतात. बत्तीस बोअरच्या साध्या पिस्तुलात असा खटका नसतो. कुकरच्या शिट्टीसारखे, उलटा दाब थोपवण्याचे काम स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच चालते. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि म्हणूनच काडतूस लहान असूनही हाताला बसणारा झटका अपेक्षेपेक्षा टोकदार असतो.

स्लाइड चिमटीत धरून ओढू नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल छातीजवळ घ्यावे, डाव्या हाताच्या सगळ्या बोटांनी आणि तळव्याने स्लाइड वरून घट्ट धरावी आणि ती ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. माझ्या पत्नीला चिमटीने कधीच जमले नव्हते, या रीतीने पहिल्या दिवशीच जमले. तरीही दहापैकी दहा वेळा जमत नसेल, तर मी आपल्याला हे पिस्तूल घेऊ नका असेच सांगेन. जे शस्त्र शांतपणे उभे राहून चालवता येत नाही, ते रात्री अकराला गाडीचे दार उघडताना चालवता येणार नाही. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते आणि तिच्या स्प्रिंगशी झगडावे लागत नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर महिलांसमोर ठेवले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती आणि ‘महिलांना एवढे महाग का’ अशी टीकाही झाली होती. वजन कमी म्हणजे झटका अधिक, हे मात्र तिथेही लागू आहे.

नातवंडांविषयी माझ्या घरात घडलेली गोष्ट सांगतो, सांगताना आजही संकोच वाटतो. पिस्तूल घेऊन वर्ष झाले नव्हते. रेंजवरून परतल्यावर मी मॅगझिन काढून टेबलावर ठेवले, म्हणजे माझ्या हिशेबाने पिस्तूल रिकामे झाले. मेहुण्यांना ते दाखवताना सहज स्लाइड ओढली, तर एक पितळी काडतूस टप्कन अंथरलेल्या चादरीवर पडले आणि घरंगळत कपाटाखाली गेले. ते नळीत राहिले होते. चाप ओढला असता तर समोर मेहुणे बसले होते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा हा धोका रिव्हॉल्व्हरमध्ये नसतो, कारण तिथे चक्री बाहेर काढली की सगळी घरे डोळ्यांसमोर येतात. त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड तीनदा मागे ओढायची, मग ती मागे धरून नळीच्या मागच्या टोकात, जिथे काडतूस बसते तिथे, डोकावायचे आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपायचे. हे तिऱ्हाइताकडून पिस्तूल हातात घेताना आणि देताना, दोन्ही वेळा करतो. मॅगझिन आधी न काढता स्लाइड ओढली, तर आपणच नवे काडतूस आत ढकलतो, म्हणून क्रम उलटा करून चालत नाही.

घरी पिस्तूल लोखंडी कपाटातल्या कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवतो. दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ असतात. परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे लेखी वचन द्यावे लागते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. ते प्रशिक्षण कागदापुरते उरकू नका. आपला दवाखाना आणि घर शहर हद्दीत असल्याने आपला अर्ज पोलीस आयुक्तालयात जाईल. ग्रामीण भागात राहणाऱ्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. चौकशीला वेळ लागतो, तोवर ४.५ मिलिमीटरचे कमी ताकदीचे एअर पिस्तूल घेऊन हात बसवावा. वीस ज्यूलपर्यंतच्या (ज्यूल हे ऊर्जेचे माप) अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि नेम धरण्याचे निम्मे शिक्षण त्यावर होते.

प्रश्न : माझ्या थोरल्या बंधूंकडे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे, मी पिस्तूल घेतले. बोअर एकच असल्याने काडतुसे एकमेकांना देता येतील का? (सांगोला)

दोन कारणांनी देता येणार नाहीत. नाव एकच असले, तरी काडतुसे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब, कडेला रुंद आणि शिशाच्या जड गोळीचे असते. पिस्तुलाचे आखूड असते. दोन्ही शेजारी उभी केली तर लहान मुलालाही फरक दिसेल. विकत घेताना ‘बत्तीसची द्या’ असे न म्हणता ‘पिस्तुलाची’ असे स्पष्ट म्हणावे आणि पाकीट उघडून पाहावे. दुसरे कारण कायद्याचे आहे. काडतुसे आपल्या परवान्यावर नोंदवून, ठरलेल्या संख्येत मिळतात आणि त्यांचा हिशेब आपण द्यायचा असतो. भावाला दिलेले एक काडतूसही त्या हिशेबात बसत नाही. रिकाम्या पुंगळ्या रेंजवर टाकून येऊ नका. नव्या खरेदीच्या वेळी मागितल्या, तर हाताशी असाव्यात, म्हणून मी त्या तारखेची चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो.

प्रश्न : नान्नजजवळ माझी द्राक्षबाग आहे. रानडुकरे त्रास देतात. पिस्तुलाने ती हाकलता येतील का? तसेच बागेच्या कडेला सराव केला तर चालेल का?

दोन्हीला नाही. पिस्तूल आपल्याला आत्मसंरक्षणासाठी दिलेले असते. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो, त्यासाठी लांब नळीची बंदूक असते, आणि वन्य प्राण्याला इजा करणे हा वनखात्याच्या अखत्यारीतला विषय आहे. शिवाय आपल्या शेजारी माळढोक अभयारण्य आहे. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, गोळी झाडणे दूरच. आपल्याकडच्या सपाट माळावर हद्दीचा दगड कुठे आहे, हे गुराख्यालाही चटकन सांगता येत नाही.

बागेतल्या सरावाचे म्हणाल, तर बत्तीसची गोळी चुकली म्हणून बांधावर थांबत नाही, ती किलोमीटरभर जाऊ शकते, आणि द्राक्षाच्या मांडवाच्या तारा आणि खांब यांवरून ती कोणत्या दिशेला वळेल याचा नेम नाही. सराव रेंजवरच करावा. मी एका रायफल क्लबचा सभासद आहे आणि त्यासाठी पुण्याच्या बाजूला अडीचशे किलोमीटर जातो, वर्षातून चारदा, फार तर पाचदा. हाच या ‘परवडणाऱ्या’ पिस्तुलाचा न दिसणारा खर्च आहे. माझ्या ओळखीतल्या कित्येक परवानाधारकांनी खरेदीनंतर एकही गोळी झाडलेली नाही, आणि तेच लोक पिस्तुलाच्या गुणदोषांवर सर्वांत ठामपणे बोलतात.

प्रश्न : वडिलांकडून आलेली बारा बोअरची बंदूक आणि एक रायफल माझ्या नावावर आहे. तिसरे पिस्तूल घेता येईल का? (अकलूज)

नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. पिस्तूल हवे असेल, तर आधीच्यांपैकी एक रीतसर कमी करावे लागेल. वडिलांच्या बंदुकीत जीव गुंतला असेल, तर रायफलीचा विचार करा. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि लग्नाच्या वरातीत हयगयीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूदही आली. आपल्या भागात लग्नसराई जोरात असते, म्हणून न विचारता हे सांगितले.

प्रश्न : पंढरपुरात माझे लॉज आहे. आषाढीच्या गर्दीत रोकड मोठी असते, तेव्हा पिस्तूल कमरेला लावून वावरावे का? गेल्या निवडणुकीत ते जमा केले होते, परत आले तेव्हा गंजलेले होते. काय करावे?

लॉजच्या आत, गल्ल्यापाशी ठेवणे वेगळे आणि ते लावून वारीच्या गर्दीत उतरणे वेगळे. परवान्याच्या मागे छापलेल्या अटी एकदा भिंग घेऊन वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. आम्हा सोलापूरकरांना हीच अट सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत लागू होते. त्या दिवसांत मी पिस्तूल कपाटातून काढतच नाही. चेंगराचेंगरीत कमरेचे पिस्तूल कोणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही. रोकड दिवसातून दोनदा बँकेत भरणे अधिक सुरक्षित.

निवडणुकीच्या काळात सगळ्यांनी सरसकट शस्त्रे जमा करावीत असा नियम नाही. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. आपल्याला नोटीस आली आणि खरे कारण असेल, तर मुदतीत लेखी अर्ज करता येतो. मी तो कधी केला नाही, कारण त्या दीड-दोन महिन्यांत माझे काही अडत नाही. पण एकदा जमा केलेले माझेही पिस्तूल परत आले, तेव्हा मुठीच्या पट्ट्यांखाली तांबूस पुटकुळ्या आल्या होत्या. चूक माझीच होती. ते मी चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून दिले होते, आणि चामडे दमट हवा धरून ठेवते. आता जमा करण्यापूर्वी मी ते पूर्ण सुटे करतो, घामाचे डाग स्पिरिटने पुसतो, पातळ तेलाचा हात फिरवतो, तेलकट सुती कापडात गुंडाळतो आणि पावतीवर क्रमांक, मॅगझिनांची संख्या आणि ‘गंज नाही’ एवढे दोन शब्द लिहून घेतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, आत घाम धरतो.

आपल्या पिस्तुलावरचा गंज वरवरचा असेल, तर तेलात भिजवलेल्या तांब्याच्या तारेच्या मऊ ब्रशने हलकेच घासावा. सँडपेपर लावला की मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. मुठीच्या पट्ट्या काढून आतली बाजू जरूर पाहा, कारण घाम तिथेच साचतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गंजापेक्षा धुळीचा त्रास जास्त, आणि माझ्यासारख्या सुताच्या धंद्यातल्या माणसाला कापसाच्या तंतूंचा. तेल जास्त झाले की ते तंतू स्लाइडच्या खाचांत चिकटून लगदा होतो, म्हणून मार्चपासून जूनपर्यंत मी तेल जवळजवळ पुसूनच टाकतो आणि पहिला पाऊस पडला की पुन्हा लावतो. खोदलेल्या क्रमांकावर ब्रश फिरवताना मात्र हात हलका ठेवा. तो क्रमांक पुसट झाला, तर नूतनीकरणाच्या वेळी उत्तरे देताना नाकी नऊ येतील.